आभाराला कुणी थांबत नाही

नंदिनी शाळेच्या सहलीवरून, सिंगापूरहून, आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढे टोस्टची बशी सरकवली आणि ती म्हणाली, "थँक यू, बाबा." म्हटलं तर काहीच झालं नाही. बशी टेबलावर होती, टोस्ट बशीत होते, खाली गल्लीत भाजीवाला भोंग्यातून मेथीचं गुणगान करत होता. पण माझ्या हातातला कप ओठांपर्यंत आला नाही. नंदिनीच्या जन्मापासून मी या घरात तिच्यापुढे बशा सरकवत आलो आहे, आणि त्यावर तिचं आजवरचं म्हणणं "हे नको, दुसरं" याच्या पलीकडे कधी गेलेलं नव्हतं. माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती. "हे नको" म्हणणं हा घरच्या माणसाचा हक्क आहे. थँक यू माणूस बँकेतल्या बाईला म्हणतो, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्याला म्हणतो. क्षणभर मला वाटलं माझ्यामागे कुणीतरी उभं आहे आणि ती त्याला म्हणते आहे. मी वळूनही पाहिलं. मागे फ्रीज होता. प्रेमिला ओट्याशी पाठमोरी उभी होती, तिला मी हळूच विचारलं, "ऐकलं का वं? मले थँक यू म्हणाली." प्रेमिलानं पोळी उलटली. "मंग? शिव्या थोडीच देल्या." बायको म्हणून तिचं बरोबर होतं. पण मी दिवसभर हिंगण्याच्या कंपनीत मशीनपुढे उभा होतो आणि ते दोन शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखे जिभेला लागत होते.

मला आभाराबद्दल थोडंफार कळतं, म्हणून ही पंचाईत. नंदनवनातल्या आमच्या वस्तीच्या जयंती समितीत आभारप्रदर्शन कायम माझ्याकडे असतं. अध्यक्ष बदलले, सूत्रसंचालक बदलले, मंडपवाला दोनदा भांडून गेला आणि परत आला, पण आभार म्हटले की अंकुशराव. अध्यक्ष रामाजी म्हणतात, "अंकुशराव, तुमच्यासारखे आभार अख्ख्या नागपुरात कोणी मानत नाही," आणि हे म्हणताना त्यांचा एक पाय समाजभवनाच्या जिन्याच्या पायरीवर असतो. कारण आभारप्रदर्शनाचं एक आहे. "आणि आता शेवटी" एवढे शब्द माइकवर आले की खुर्च्या करकरतात, आया मांडीवरची पोरं उठवतात, तरुण मंडळी भोजनदानाच्या रांगेकडे धावतात आणि माइकवाला वायर गुंडाळायला घेतो. मी आभार मानताना आजवर चेहरे पाहिलेले नाहीत, पाठी पाहिल्या आहेत. अर्धं नंदनवन मला पाठीवरून ओळखू येतं. मान्यवरांची गोष्ट तर वेगळीच. ते निघतात, पण दाराशी मोबाईल पाहत रेंगाळतात, आणि आपलं नाव आलं की समाधानानं जिना उतरतात. एका वर्षी मी पाण्याचा टँकर पाठवणाऱ्या धोंडबांचं नाव विसरलो तर त्यांनी पुढची कित्येक वर्षं माझ्या नमस्काराला नुसती मान हलवली. तेव्हापासून मी शेवटी "अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास" हे वाक्य न चुकता घालतो. तर सांगायचं ते असं, की माझ्या अनुभवात आभार याचा अर्थ एकच आहे. कार्यक्रम संपला. आता आपापल्या घरी जा. मग माझ्या मुलीनं टोस्टच्या बशीवरून माझे आभार मानले तेव्हा नेमकं काय संपलं होतं?

पुढच्या आठवड्यात ते वाढत गेलं. चार्जर दिला, थँक यू. पंखा लावला, थँक यू. शाळेच्या बसपर्यंत सोडलं, तर पूर्वी जी पाठीवर दप्तर आपटत न बघता चढायची ती दाराशी थांबून, मागच्या पोरांना खोळंबवून ठेवून, "थँक यू, बाबा" म्हणून मगच वर जायची. बसचा ड्रायव्हर माझ्याकडे असा बघायचा, जणू मी कुणी भाड्याचा माणूस आहे. रविवारी आम्ही सावजीच्या खानावळीत जेवायला गेलो. जेवण झाल्यावर नंदिनीनं आपलं ताट उचललं आणि ती थेट आतल्या मोरीकडे निघाली. वाढप्यानं ताट धरलं. तिनं सोडलं नाही. दोघांच्या ओढाताणीत उरलेली तर्री वाढप्याच्या शर्टावर गेली, तेव्हा ती त्याला सॉरीही म्हणाली आणि थँक यूही. गल्ल्यावरचा मालक उठून आला. "साहेब, काई चुकलं का आमचं?" मी सांगितलं, "नाही हो, सिंगापूरहून आली आहे." त्यानं सहानुभूतीनं मान हलवली, जणू मी टायफॉइड म्हणालो. मी मग मुद्दाम वाईट वागून पाहिलं. तिला न आवडणारं कारलं तिच्या ताटात वाढलं. पूर्वी तिनं "ईऽऽ बाबा!" म्हणून अख्खी गल्ली गोळा केली असती. आता ती म्हणाली, "थँक यू, पण मला नको." त्या "पण"नं माझी भूक गेली. माझ्या पुतणीचा नवरा, आमचे मोठे जावई, असं बोलतात. त्यांच्याशी आमचे संबंध अत्यंत चांगले आहेत आणि ते आले की आम्ही सगळे कधी जातील याची वाट पाहतो.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी भैयाजी बसतात. पेंट शॉपला आहेत, आणि माणसाच्या तोंडाकडे पाहून त्याच्या घरी काय झालं ते सांगतात. "काहून गा अंकुश, तोंड उतरवून राहिला?" मी सांगितलं. "पोट्टी बिघडली म्हणतो का सुधारली?" मी म्हणालो, सुधारली. "मंग?" मी म्हणालो, मंग काही नाही. "माह्या पोट्ट्याले पाठव ना बावा सिंगापूरले. तो मले 'ओ' म्हणून हाक मारते. मी वीस वर्षं झाले त्याचा 'ओ' हाओ." बस हसली. मीही हसलो, पण मला भैयाजींचा हेवा वाटला. "ओ" म्हणून हाक मारायला माणूस आपलाच लागतो. हिंगण्याच्या नाक्यावर बस सिग्नलला थांबली आणि मला विमानतळ आठवला. नंदिनीला पोचवायला आम्ही दोनच जण जाणार होतो, पण गल्लीतून निघता निघता सगळी वस्ती गाडीत बसली. शेजारच्या पंचफुलाबाईंनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि तो घालूनच ती सोनपापडीचा डबा सांभाळत काचेच्या आत गेली. बाकीची मुलं सुटसुटीत होती. तिनं आत जाऊन पहिली गोष्ट केली ती हार काढायची. मग ती चाकांची बॅग ओढत निघाली आणि वळली नाही. मी काचेला नाक लावून उभा होतो. शिपाई म्हणाला, "भाऊ, काच पुसावी लागते मले." त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे आली ती फक्त पालकांच्या ग्रुपवरची छायाचित्रं. कारंज्यापुढे हसणारी मुलं, मेट्रोत हसणारी मुलं, आणि खाली मुलांसोबत गेलेल्या कामिनी मॅडमचा मजकूर की मुलं जगण्याचे धडे घेत आहेत. मी प्रत्येक फोटोत बोटांनी मोठं करून नंदिनीचा चेहरा शोधायचो. एका फोटोत ती मला अशी दिसली, जशी घरी कधी दिसली नव्हती. प्रेमिला म्हणाली, तिच्या डोळ्यांत ऊन गेलं असेल. पण फोटो मेट्रोच्या डब्यातला होता.

मला भीती वाटत होती, ती सरळ सांगून टाकतो. सौजन्य माणूस परक्याशी दाखवतो, आणि माझी मुलगी माझ्याशी सौजन्यानं वागत होती. तिनं तिथे काही पाहिलं असेल, चकचकीत रस्ते, हळू बोलणारे बाप, आणि परत आल्यावर आमच्याकडे पाहून मनाशी ठरवलं असेल की या माणसांनी आतापर्यंत बरंच केलं, त्यांचे आभार मानावेत आणि निघावं. नववीतल्या मुलीनं जायचं कुठे, हा प्रश्न मला दिवसा पडायचा. दिवसा मी हसायचोही. पण संध्याकाळी ती दार उघडून पाण्याचा ग्लास घेऊन यायची, पूर्वी हे कधी झालं नव्हतं, आणि तो घेऊन काय करावं ते मला सुचायचं नाही. आपणही थँक यू म्हणावं का? एकदा मी आरशापुढे "वेलकम" म्हणून पाहिलं. प्रेमिला टॉवेल घ्यायला आत आली आणि टॉवेल न घेताच बाहेर गेली. पाणी मात्र मी प्यायचो, सगळं, तहान नसली तरी.

अशात कामिनी मॅडमचा फोन आला. शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम आहे, सहलीला गेलेलं प्रत्येक मूल आपण काय शिकलो ते सांगेल, आणि पालकांतर्फे आभार तुम्ही मानावेत. "नंदिनीनंच तुमचं नाव सुचवलं, सर." कंपनीत मला कुणी सर म्हणत नाही. पण त्याहून ते दुसरं मला लागलं. रात्रीच्या जेवणाआधी नंदिनी कपड्यांच्या घड्या करत होती, हेही नवीनच, तिला मी विचारलं, "माझं नाव तू सांगितलं?" "हो." "काहून?" "तुम्ही छान आभार मानता, सगळे म्हणतात." "तू कधी ऐकले?" तिचा हात घडीवर थांबला. जयंतीला भोजनदानाच्या रांगेत सगळ्यात पुढे कोण असतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "नाही ऐकले," ती म्हणाली. "राहूनच गेले." आणि मग माझा टॉवेल माझ्या हातात देत, मी काही दिलं नसताना, "थँक यू, बाबा."

शनिवारी आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मागच्या व्हरांड्यात पोह्यांची परात झाकून ठेवली होती आणि तिचा वास भाषणांच्या आधीच सभागृहात शिरला होता. मुलं एकामागून एक आली. एक मुलगी वक्तशीरपणा शिकली होती. एक स्वावलंबन शिकली होती, म्हणजे बॅग स्वतः भरायला, आणि तिची आई पहिल्या रांगेतून तिचे शब्द तिच्याआधी पुटपुटत होती. गोलू नावाचा एक गुटगुटीत मुलगा आला. हॉटेलात नाश्ता कितीही घेता येत असला तरी पोट आपलंच असतं, हे तो शिकला होता, आणि एवढं एकच वाक्य बोलून तो टाळ्यांत खाली उतरला. मला तो आवडला. मग नंदिनी आली. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, पाठ केलेलं होतं, स्वच्छता, शिस्त वगैरे. दोन वाक्यांवर ती अडली. खाली पाहिलं, आणि एकदम आमच्या घरातल्या आवाजात बोलायला लागली. "आम्ही मेट्रोच्या स्टेशनवर होतो. लय गर्दी होती. गाडी आली तं मी पयले चढली. आमच्या घरी असंच शिकवलं आहे, एकानं आधी चढायचं आन् सगळ्यांसाठी जागा धरायची." सभागृह हसलं. "मी एका सीटवर रुमाल ठेवला, एकावर बाटली, एकावर टोपी, एकावर गोलूचे चिप्स. बॅग ठेवली. सगळ्या जागा झाल्या. मंग मागं पाहिलं तं दरवाजा बंद. मॅडम काचेच्या बाहेर. गाडी सुटली."

आता कुणी हसलं नाही. पण मी मनानं सीताबर्डीच्या बसस्टॉपवर होतो. नंदिनी चार वर्षांची असेल, आम्ही शहर बसची वाट पाहत होतो, आणि बस आली की मी तिला उचलून खिडकीतून आत सोडायचो, हातात माझा रुमाल देऊन. लोक दारात एकमेकांच्या पायावर चढत असायचे आणि माझी पोर आत दोन माणसांची जागा धरून बसलेली असायची. एकदा एका धिप्पाड माणसानं तिला म्हटलं, सरक. तिनं रुमालावर दोन्ही हात ठेवले आणि ओरडली, "माह्या बाबाची हाय!" तो माणूस नंदनवनपर्यंत उभा आला. ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाची नक्कल करून. आता ती मला दिसली तेव्हा बस नव्हती, मेट्रोचा डबा होता. थंडगार, गुळगुळीत. रुमाल, बाटली, टोपी, चिप्स, आणि मधे माझी मुलगी, सगळ्यांची जागा धरून, एकटी. तिथली माणसं उभी होती म्हणे. रुमाल ठेवलेल्या सीटवर कुणी बसत नव्हतं. कुणी तिला सरकसुद्धा म्हणालं नाही.

"तिथं एक आजी होत्या," नंदिनी सांगत होती. "त्या काय बोलत होत्या मले समजलं नाही, मी रडून राहिली होती ना. त्यांनी एकेक वस्तू उचलली. रुमालाची घडी केली. सगळं माह्या बॅगमध्ये भरलं आन् माझं मनगट धरलं. बाजारात आई धरते तसं, जोरात. पुढच्या स्टेशनवर उतरवलं, दुसऱ्या गाडीत बसवलं, परत आणलं. मॅडमनं मले ओढून जवळ घेतलं. मी मागं वळून पाहिलं तं त्या पुन्हा गाडीत चढल्या होत्या. दार लागलं. मी त्यांना काहीच म्हटलं नाही. म्हणून आता मी कोणी काही केलं की लगेच म्हणते. वाट पाहत नाही. माणसं निघून जातात." मग तिला आठवलं की शेवट इंग्रजीत करायचा आहे. तो तिनं केला आणि खाली उतरली.

माझ्या शेजारी प्रेमिला ताठ झाली होती. "तुम्हाले माहीत होतं?" "नाही." "ग्रुपवर काय टाकलं होतं त्या मॅडमनं? मेट्रोत मजा?" तो डोळ्यांत ऊन गेलेला फोटो दोघांनाही एकदमच आठवला. प्रेमिला उठायला लागली. "मी इचारतेच आता त्या बाईले. पोट्टी हरवली आन् फोटो काढत बसली?" मी तिचा हात धरला. "थांब, मले स्टेजवर जाऊन आभार मानायचे आहेत तिचे." प्रेमिलानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "खबरदार तिचं नाव घेतलं तं." आणि नेमकं तेव्हाच सूत्रसंचालिका गोड आवाजात म्हणाली, "आणि आता शेवटी."

मी पायऱ्या चढलो. राग होता, त्यात शंका नाही. पण रागाच्या खाली मला इतकं हलकं वाटत होतं की पायरी चुकली. पोरगी मला निरोप देत नव्हती. मी टोस्टची बशी सरकवून हिंगण्याला निघून जाईन, दार लागेल आणि तिचं म्हणायचं राहील, या धास्तीनं ती बिचारी घाई करत होती, आणि मी तिला कारलं वाढत होतो. खुर्च्या करकरल्या. पाठी वळल्या. परातीवरचं झाकण निघालं त्याचा आवाज आला. मी संस्थेचे आभार मानले, ट्रॅव्हल कंपनीचे मानले, हवामानाचे मानले. कामिनी मॅडम व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, नाव यायची वाट पाहत, आणि त्यांचे डोळे लाल होते. मघाशी नंदिनी बोलत असतानाच ते झाले असावेत. मी म्हणालो, "कामिनी मॅडमनी आमची मुलं परत आणली, सगळी आणली, त्याबद्दल," आणि पुढचं वाक्य सोडून नुसतेच हात जोडले. प्रेमिला तोवर व्हरांड्यात होती. तिथून तिनं हे पाहिलं असतं तर मला पोहे मिळाले नसते.

मग मी माझ्या नेहमीच्या वाक्यावर आलो. "अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास." इथे मी नेहमी क्षमस्व म्हणतो आणि खाली उतरतो. माइकवाल्याला तेही माहीत असावं, कारण त्यानं वायर काढली. पण मी उतरलो नाही. एक नाव राहिलं होतं आणि ते मला माहीत नव्हतं. नाव नसलेल्या माणसाचे आभार मी कधी मानलेले नाहीत. समितीत तशी पद्धतच नाही. ती बाई आता सिंगापुरात कुठेतरी भाजी निवडत असेल, नातवाला रागावत असेल. तिला नागपूर हे गावाचं नाव आहे हेही ठाऊक नसणार. मी बंद माइकपुढे उभा राहून म्हणालो, "त्या आजीबाई. ज्यांनी आमच्या पोरीचं मनगट धरलं. ज्यांनी रुमालाची घडी केली. त्यांचे, नंदिनीतर्फे, तिच्या आईतर्फे, माझ्यातर्फे आभार." समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांत मधोमध एक मुलगी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सरळ माझ्याकडे पाहत.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांनी माइक बंद केला. ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हणा."

मी घसा खाकरला आणि कंपनीत मशीन चालू असताना ओरडतात तसा ओरडून म्हणालो. व्हरांड्यात पोह्यांच्या प्लेटा घेतलेली माणसं काय झालं म्हणून दाराशी आली.